तोफ डागेपर्यंत

माझे सासरे नीळकंठ यांनी आयुष्यात एकच व्याख्यान दिलं आणि ते एकदाही पुरं केलं नाही. विषय असा: दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युद्धनौकांवरच्या अजस्र तोफा कशा डागत असत. बाबा स्वतः टेलिफोन खात्यात होते. समुद्राशी संबंध म्हणाल तर अलिबागची एक सहल, आणि तीही जाताना लाँचमध्ये इतकं ढवळून आलं की परतीला त्यांनी एसटी पकडली. पण तरुणपणी जुन्या बाजारात त्यांना एका आरमारी पुस्तकाची फाटकी प्रत मिळाली आणि तेव्हापासून घरात तोफ शिरली ती कायमची.

हे व्याख्यान कुठेही सुरू व्हायचं. मुंजीच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांसमोरसुद्धा. जहाजाच्या पोटातून गोळा निघायचा, दारूच्या थैल्या निघायच्या, सगळं वर चढायचं, तोफेत ठासलं जायचं, तोफेचं मागचं दार लागायचं, आणि आता बार उडणार एवढ्यात माझ्या सासूबाई सुरेखाबाई म्हणायच्या, "अहो, पुरे. माणसांना घरी जायचंय. चहा घ्या." सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती तोफ किती वेळा भरली गेली त्याला गणती नाही. सुटली एकदाही नाही.

दोन हजार एकवीसच्या नोव्हेंबरात पुण्यातली सासू-सासऱ्यांची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. डिसेंबरअखेर घर रिकामं करून भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. आईंनी बाबांच्या हातात दोन्ही लशींचं सर्टिफिकेट आणि मेतकुटाचा डबा दिला आणि त्यांना आमच्याकडे, नेदरलँड्सला, बाडहूव्हडॉर्पला पाठवून दिलं. नातीला भेटून या, म्हणाल्या. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा घरात असते तर एक खोकं बांधून झालं नसतं.

डिसेंबरात एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आई सहज म्हणाल्या, "मागच्या खोलीतलं तोफांचं सगळं मी रद्दीत देतेय. नव्या घरात एक खोली कमी आहे."

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. मागच्या खोलीत त्यांचे हाताने काढलेले नकाशे होते, पुठ्ठ्याचे तक्ते होते, सागवानी लाकडात कोरलेला आणि फिरणारा एक तोफबुरूज होता. "अगं सुरेखा, त्यात माझं आयुष्य आहे."

"आयुष्य आहे तर एकदा तरी सुटायला हवी होती तुमची तोफ."

"तू सुटू दिलीस कधी?"

आईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. भाजीवाल्याला शेवटचा भाव सांगण्याआधी त्या असंच करतात. "बरं. येत्या रविवारी, तुमचे दुपारचे बारा, इथले साडेचार. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही. भरण्यापासून सुटेपर्यंत एका दमात झालं पाहिजे. सुटली, तर सगळं ठेवीन, पलंगाखाली कोंबीन पण ठेवीन. मध्ये थांबलात, कोणत्याही कारणाने, तर पाचला रद्दीवाला येतोय."

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मी तीन वेळा ताट वाढून आणलं, तिसऱ्यांदा आपटलं. माझ्या घरात कुणी उपाशी झोपलेलं मला चालत नाही, मग ते तोफेसाठी का असेना. "बाबा," म्हटलं, "रविवारी तोफ सुटणार. ती जबाबदारी माझी. आता आमटी-भात खा." हे वाक्य मी बोलले नसते तर पुढचं काही घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी जाहीर केलं की नुसतं बोलून भागणार नाही, प्रात्यक्षिक हवं. आणि आमचं घर त्यासाठी जणू बांधूनच घेतलंय. आमचं गाव म्हणजे एका जुन्या सरोवराचा तळ. पाणी उपसून जमीन केलेली, समुद्रसपाटीच्या खाली. "म्हणजे आपण बुडालेल्या जहाजात आहोत," माझा नवरा जयेश म्हणाला. बाबा म्हणाले, "चालेल. बाकी रचना बरोबर आहे."

रचना त्यांनी समजावून दिली, आणि मी सतरा वर्षांत पहिल्यांदाच नीट ऐकली. डेकवर जी तोफ दिसते ती नुसती टोपी. तिच्याखाली जहाजाच्या पोटात चार-पाच मजले असतात. सगळ्यात खाली गोळे आणि दारू. तिथली माणसं माल पाळण्यात घालून वर पाठवतात. वर तोफघरातली माणसं तो ठासतात, दार लावतात आणि बटण दाबतात. प्रत्येक तोफेचं बटण दाबलं की उंच मनोऱ्यात एक दिवा लागतो. आणि गंमत म्हणजे नेम तोफवाला धरतच नाही. त्याला समुद्र दिसत नाही, शत्रू दिसत नाही. मनोऱ्यात दुर्बिणीला डोळा लावून बसलेला एकजण नेम धरतो. त्याच्याकडून विजेच्या तारेने तोफघरातला एक लाल काटा हलतो. तोफवाल्याने आपला काळा काटा त्या लाल काट्यावर आणून ठेवायचा, बस. सगळे दिवे लागले की वरचा माणूस घंटा देतो, जहाज हेलकाव्यातून सरळ होण्याची वाट बघतो आणि एकच घोडा ओढतो. सगळ्या तोफा एकदम सुटतात.

"दोन वर्षं मी ऑफिसचं काम हेच करतोय," जयेश म्हणाला. "लाल काटा कोण हलवतंय ते अजून दिसलेलं नाही."

तर स्वयंपाकघर म्हणजे दारूखाना, तिथे मी. डच घराचा जिना, जो मुळात माणसांनी चढावा म्हणून केलेलाच नाही, तो पाळण्याचा बोगदा. त्यावर दोरीला बांधलेला सुपरमार्केटचा निळा क्रेट, आणि दोरी ओढायला जयेश. वरची बेडरूम हे तोफघर. तिथे दोन इस्त्रीच्या टेबलांवर गालिच्याच्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या, ठासायला फरशी पुसायचे दोन मॉप. माळ्यावर, तिरक्या खिडकीपाशी, बाबा. त्यांच्या हातात बागेच्या पाइपला लावायचं पाण्याचं पिस्तूल, आणि समोर आमच्या देवघरातली घंटा. दिव्यांची सोय जयेशने केली. फोनवरून लागणारे दोन बल्ब त्याने माळ्यावर बसवले आणि खाली तोफघरात दोन बटणं दिली. शेजारी पुठ्ठ्याच्या तबकडीवर काटे लावले, लाल माळ्यावरून दोरीने हलणारा, काळा इस्त्रीच्या टेबलाला जोडलेला. शिवाय घरातल्या घरात एक व्हिडिओ मीटिंग लावली, म्हणजे प्रत्येक मजल्यावरचा माणूस आपापल्या फोनवरून त्यात, आणि आई पुण्याहून. एका घरातली माणसं एकमेकांना मीटिंगमध्ये भेटणार, हे तेव्हा कुणाला विचित्र वाटलं नाही.

दारूच्या थैल्यांवरून मात्र माझं आणि बाबांचं वाजलं. एका तोफेला चार थैल्या, म्हणून सोफ्यावरच्या आठ उश्या आणल्या, तर बाबा म्हणाले रेशमी पाहिजेत. का? कारण रेशीम पूर्ण जळून जातं. सुती असलं तर तोफेत निखारा उरतो आणि पुढची दारू भरतानाच पेटते, आख्खा बुरूज उडतो. "बाबा, ह्या उश्या आहेत," म्हटलं. "चित्रा, अपघात असेच होतात," बाबा म्हणाले. शेवटी माझ्या लग्नातली जांभळी रेशमी साडी आठ तुकड्यांत कापण्यापासून मी वाचवली ती घड्या घालून, आठ उश्यांना एकाच लांब साडीत गुंडाळून. त्यामुळे माझ्या दारूखान्यातून थैल्या सुट्या निघेनात, माळेसारख्या निघत. बाबांनी ते नाइलाजाने मान्य केलं.

आणि आवाज? आवाजाची जबाबदारी आमच्या बारा वर्षांच्या संहिताने घेतली. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. "आजोबा, लिसन," म्हणाली, आणि दुधाचा रिकामा पाक, म्हणजे इथला पुठ्ठ्याचा खोका, तोंड बंद करून जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर दोन्ही पायांनी उडी मारली. असा बार निघाला की खिडकीची काच थरथरली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आठवडाभर शाळेतून आली की ती तालीम करायची. आम्ही त्या आठवड्यात दूध किती प्यायलो विचारू नका. खीर झाली, बासुंदी झाली, पनीर झालं.

माणसं मात्र कमी होती. तोफघरात दोन तोफांना दोन जण हवेत, म्हणून मी आमस्टलवेनच्या उल्हास आणि विशाखाला बोलावलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटकं तेच बसवतात, नाही म्हणणार नाहीत हे माहीत होतं. तेव्हा घरी चार पाहुण्यांची परवानगी होती. शनिवारी संध्याकाळी पंतप्रधान टीव्हीवर आले आणि रविवारी पहाटेपासून पूर्ण लॉकडाउन लागला. दुकानं बंद, हॉटेलं बंद, घरी पाहुणे फक्त दोन. बाबा टीव्हीकडे बघत शांतपणे म्हणाले, "दोन पुरतात." रविवारी सकाळी विशाखाचा फोन आला की तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली. उल्हास गेले चार दिवस कामासाठी ग्रोनिंगनला होता, तो तिकडूनच सरळ आमच्याकडे आला, टेस्ट निगेटिव्ह दाखवत. पण उजव्या तोफेला माणूस उरला नाही.

"उजवीपण मीच ठासतो काका," उल्हास म्हणाला.

"ठासशील रे. पण दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची असतात, आणि तेव्हाच काळा काटा लाल काट्यावर ठेवायचा असतो. तुला हात किती?"

"संहिता दाबेल एक."

"संहिता आवाज आहे," बाबा म्हणाले. "आवाजाने बटण दाबायचं नसतं."

बारा वाजले. आईंचा चौकोन उजळला. खोक्यांच्या मध्ये एका स्टुलावर त्या बसल्या होत्या, मागे भिंतीवर कॅलेंडर काढल्याची पांढरी जागा. त्यांनी तोंडावर बोट ठेवून आपण गप्प असल्याचं दाखवलं. बाबांनी माळ्यावरून हुकूम दिला, "भरा!"

मी पहिला गोळा क्रेटमध्ये टाकला. दहा किलो तांदळाची पिशवी होती ती, कारण बाबांना वजनाचा अंदाज हवा होता. जयेशने दोरी ओढली, क्रेट जिन्यावरून ठेचकाळत गेला. मग साडी आणि उश्या. वरून उल्हासचा आवाज आला, "ठासतोय!" मग दुसरी खेप. बाबा माळ्यावरून आईंना समजावून सांगत होते, प्रत्येक पायरी, न अडखळता, आणि आई ऐकत होत्या. मला वाटलं, जमलं. आता उजव्या बटणाचं काहीतरी बघावं म्हणून मी वर निघाले, आणि दारावरची बेल वाजली.

दारात खेमेंटेचा, म्हणजे आमच्या नगरपालिकेचा, गणवेशातला हँडहावर उभा होता. उंच, तोंडाला मास्क, गालांना थंडी लागलेली. छातीवर नाव होतं रुलॉफ. नियम मोडणाऱ्यांना समज द्यायचं काम त्याचं. त्याने डचमध्ये विचारलं, आत किती माणसं आहेत?

"घरचे चार, पाहुणा एक," मी म्हटलं.

त्याने खाली बघितलं. दाराबाहेर, भिंतीला लागून, चपला-बुटांचे बारा जोड होते. आम्ही घरात पादत्राणं आणत नाही, आणि कोरोना आल्यापासून तर कपाटातले जोडही बाहेर आले होते. "बारा," तो म्हणाला.

"आमचेच सगळे. हे पावसाचे, हे चालायचे, हे नवऱ्याने पळायला घेतले आणि कधी पळाला नाही. हे सासऱ्यांचे, ह्या सासऱ्यांच्या आतल्या चपला."

"आतल्या चपला बाहेर का?"

मी त्या चपला पायाने भिंतीकडे सरकवल्या.

"शिवाय," तो म्हणाला, "आठवडाभर तुमच्याकडून स्फोटाचे आवाज येतात अशी तक्रार आहे. ह्या वर्षी फटाक्यांना बंदी आहे, मेफ्राऊ." मेफ्राऊ म्हणजे बाईसाहेब.

तेवढ्यात वरून, मीटिंगमधून आणि जिन्यातून असा दोन्हीकडून, बाबांचा आवाज आला. "डावी तोफ सज्ज! उजवी तोफ? उजवी तोफ सज्ज आहे का?" माझ्या हातातल्या फोनवर आईंचा चौकोन होता. त्या टक लावून बघत होत्या. घड्याळाकडेही बघत होत्या. मी दारात उभी राहून ह्या माणसाशी हुज्जत घालत बसले असते तर बाबांना थांबावं लागलं असतं, आणि थांबले की मागची खोली गेली. मला राग आला. लॉकडाउनचा, रुलॉफचा, आईंचा, बारा जोडांचा, सगळ्यांचा एकदम.

"दोन पाहुणे चालतात ना?" मी विचारलं.

"हो. दोन."

"एक वर आहे. म्हणजे एकाची जागा आहे. आत या. बूट काढून."

"मेफ्राऊ, मी कामावर आहे."

"तुम्हाला स्फोटक बघायचंय ना? मग या आणि बघा. पण वाटेत थांबता येणार नाही. एकदा सुरू झालं की सुटेपर्यंत थांबायचं नाही, असा नियम आहे."

नियम हा शब्द त्या माणसाच्या आत कुठेतरी जाऊन बसला. त्याने बूट काढले, तेराव्या जोडाच्या जागी नीट लावले, आणि मोज्यांनी माझ्या मागून जिना चढला. जयेशने क्रेट बाजूला घेतला आणि विचारलं, "हा कोण?"

"उजवी तोफ."

तोफघरात उल्हास घामाघूम झाला होता. एका हाताने तो इस्त्रीचं टेबल उचलून धरत होता, दुसऱ्या हाताने बटण दाबत होता, आणि त्याचा काळा काटा लाल काट्याच्या आसपास थरथरत होता. संहिता दोन दुधाच्या पाकांसमोर उडीच्या पवित्र्यात उभी होती. रुलॉफने सगळीकडे नजर टाकली, मास्क नीट केला, भिंतीला लागून दीड मीटर मोजून उभा राहिला.

"हे काय आहे?"

मी डचमध्ये सांगितलं. माझं डच बाजारहाटापुरतं, त्यात तोफ कुठे बसणार? पण लाल काटा आणि काळा काटा हे त्याला लगेच पटलं. "म्हणजे तोफवाला बाहेर बघत नाही?"

"नाही."

"वरून जे येईल तेच करायचं?"

"हो."

"हे मला समजतं," रुलॉफ म्हणाला. "आणि स्फोटक कुठे आहे?"

संहिताने पाक दाखवला. "मेल्कपाक," ती म्हणाली. त्याने तो उचलून नाकाशी नेला, झाकण तपासलं, परत जागेवर ठेवला. "हे फटाक्यात येत नाही," तो म्हणाला, आणि खरं सांगते, त्याला हायसं वाटलेलं दिसलं.

"मग ते बटण दाबून धरा," मी म्हटलं, "आणि घंटा झाल्यावर वरून 'बार' म्हटलं की ह्या उजव्या पाकावर उडी मारा. डाव्यावर ती मारेल. दोन्ही एकदम हव्यात."

"मी?"

"तुम्ही आमच्या परवानगीतले दुसरे पाहुणे आहात. दुसरं कुणी बोलावताच येत नाही."

त्याने बटण दाबलं. माळ्यावर दुसरा दिवा लागला असणार, कारण बाबांचा आवाज चिरकला. "दोन्ही तोफा सज्ज!" मग देवघरातली घंटा, दोनदा. आणि मग काहीच नाही.

आम्ही उभे. उल्हास अजून टेबल धरून होता. रुलॉफ मोज्यांवर, गुडघे वाकवून, उडीच्या तयारीत. मी फोनकडे बघितलं. बाबांच्या चौकोनात बाबा पिस्तूल धरून खिडकीबाहेर बघत होते. स्किपोल विमानतळाच्या दिशेला आकाश रिकामं होतं. त्यांचा हात पुढे जात नव्हता.

"बाबा?" जयेशने हळूच विचारलं.

"जहाज अजून हलतंय," बाबा म्हणाले. "सरळ व्हायला पाहिजे. सरळ झाल्याशिवाय घोडा ओढत नाहीत."

घर आमचं विटांचं, शेजारच्या घराला चिकटलेलं. ते कुठे हलणार? पण बाबा थांबलेच होते. आणि तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत. सेहेचाळीस वर्षं ते ह्या जागेपर्यंत आले होते आणि दर वेळी कुणीतरी 'पुरे' म्हटलं होतं. आज कुणी म्हणत नव्हतं. आई ओठ मिटून बसल्या होत्या, अगदी घट्ट, जणू काही बोलू नये म्हणून तोंडात सुपारी धरली आहे. इथून पुढे बाबा कधी गेलेच नव्हते. त्यांना पुढचा रस्ता माहीत नव्हता, आणि मला त्यांचा इतका कळवळा आला की मी ओरडलेच.

"बाबा, जहाज आत्ता सरळ आहे! मी बघतेय! ओढा!"

"बार!" बाबा ओरडले.

संहिता उडाली. रुलॉफ उडाला. तो सहा फूट तीन इंच तरी असेल, आणि मनापासून उडाला. दोन्ही पाक एकदम फुटले, कपाटावरची बॅग खाली आली, शेजारच्या मारायकेबाईंचा कुत्रा भुंकायला लागला. उल्हासने टेबल सोडलं. संहिताने टाळ्या वाजवल्या.

"शांत!" बाबा म्हणाले. "गोळा हवेत आहे."

"आता काय?" रुलॉफने कुजबुजत विचारलं.

"गोळा हवेत आहे," मी डचमध्ये सांगितलं. बाबा समजावत होते, एकदम हळू आवाजात. लांबच्या पल्ल्याला गोळ्याला पोचायला पाऊण मिनिट लागतं. तेवढा वेळ जहाजावर कुणी काही करू शकत नाही. फक्त बघायचं, पाणी कुठे उडतं ते. आम्ही सगळे उभे राहिलो. मारायकेबाईंचा कुत्राही थांबला. गेल्या दोन वर्षांत आम्ही किती काय काय हवेत सोडून असे उभे राहिलो होतो. पण हे वाट बघणं वेगळं होतं, ह्यात एकमेकांना बघता येत होतं.

पाऊण मिनिट होऊन गेलं. बाबा खिडकीतून बघत होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचे खांदे खाली आले.

"लांब," आई म्हणाल्या.

बाबांनी मान वळवली. "काय?"

"लांब पडला. लक्ष्याच्या पलीकडे पाणी उडालं. आठशे यार्ड कमी करा."

बाबांचा चेहरा असा झाला होता की मी फोनवरून नजर काढली. "सुरेखा," ते म्हणाले, "तुला कसं माहीत? इथवर मी कधी आलोच नाही."

"जागेपणी आला नाहीत," आई म्हणाल्या. "झोपेत रोज येता. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. 'लांब, आठशे कमी' म्हणता, मग 'पुन्हा भरा' म्हणता आणि कुशीवर वळता. तेव्हाच मी ओळखलं, पहिला बार कधी लागतच नाही. एकदा सुटली की दुसऱ्यांदा भरायची, दुसऱ्यांदा सुटली की तिसऱ्यांदा. चारचौघांत ही सुटू दिली असती तर माणसं आपापल्या घरी कधी गेली असती? म्हणून चहा आणायची मी."

"मग आज का सुटू दिलीस?"

आईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "महिना झाला, ह्या खोलीत रात्री कुणी बडबडत नाही. झोप लागत नाही मला."

तेवढ्यात तिकडे दाराची बेल वाजली. कुणीतरी दारातून हाक दिली, "बाई, रद्दी!" आई उठल्या, चौकोनाबाहेर गेल्या, आणि आम्हाला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला. "आज काही नाही हो. आमची तोफ चालू आहे." मग त्या परत आल्या, एक मोठं खोकं ओढत, आणि स्टूल सोडून त्या खोक्यावरच बसल्या. खोक्यावर आईंच्या नाही, बाबांच्या जुन्या अक्षरात लिहिलं होतं: तोफबुरूज, सांभाळून.

बाबांनी नाक शिंकरलं. मग त्यांनी घंटा उचलली आणि त्यांचा आवाज आख्ख्या घरात दुमदुमला. "आठशे कमी! पुन्हा भरा!"

जयेश जिन्यात मटकन बसला. उल्हासने मॉप उचलला. संहिता म्हणाली, "मॉम, वी नीड मोअर मिल्क," आणि खाली पळाली. मी साडी गोळा करायला लागले, तर रुलॉफने सगळ्यात टोकाची उशी उचलून माझ्या हातात दिली आणि आपल्या बटणापाशी जाऊन उभा राहिला.

"हे किती वेळ चालतं?" त्याने विचारलं.

"लागेपर्यंत."

"आणि लागला हे कोण ठरवतं?"

मी त्याला फोन दाखवला. आई खोक्यावर मांडी घालून बसल्या होत्या, पदर खोचलेला, नजर खिडकीबाहेर, संध्याकाळच्या पुण्याकडे, आणि घाई कसलीच नव्हती.